कुर्माघराची आतली भिंत

माझ्या रंगांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, रंग टिकेल ना? गडचिरोलीच्या उन्हात काय टिकतं ते मलाही ठाऊक नाही, पण दहा वर्षं पाहायचं काम नाही, असं बेधडक सांगून मी मोकळी होते. ती पहिल्यांदा आली तेव्हा मात्र तिनं डबा हातात फिरवून भलतंच विचारलं.

"काकू, हा रंग कोणाले खरवडून काढाचा असंन तं किती मेहनत लागंन?"

"खरवडायचाच असेल तर लावायचा कशाला?" मी म्हणाले. माझा स्वभाव मुळातच तिखट, आणि नवरा गेल्यापासून एकटीनं दुकान सांभाळताना तो आणखी तिखट झालेला.

"मी नाई खरवडत. गाववाले खरवडतीन," ती शांतपणे म्हणाली. "त्याइचा अख्खा दिवस गेला पाह्यजे त्यात."

तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट पाहिलं. पस्तिशीच्या पुढची, केस मानेपर्यंत कापलेले, उजवा पाय किंचित ओढत चालणारी. मी पुढे केलेल्या स्टुलावर ती बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जिथून रस्ताही दिसावा आणि माझं आतलं गोदामही. मला वाटलं, ही कुठल्या तरी खात्याची बाई, तपासणीला आलेली. मी आवाज एकदम मऊ केला आणि चांगल्यातला ऑइलपेंट काढून दिला.

तो रंग कुठे गेला ते मला पुढे कळलं. धानोऱ्याकडच्या एका गावात एका विधवा म्हातारीवर जादूटोण्याचा आळ आला होता. तिला गावाबाहेर काढलं होतं, विहिरीवर येऊ देत नव्हते. हिनं त्या म्हातारीला विचारून तिचा चेहरा गावाच्या बसथांब्याच्या भिंतीवर रंगवला, जमिनीपासून छपरापर्यंत. बसची वाट पाहणाऱ्यानं मान कुठेही वळवली तरी म्हातारी त्याच्याकडे पाहायची. लोकांनी तो खरवडला. हिनं पुन्हा काढला. पुन्हा खरवडला, पुन्हा काढला. शेवटी माझ्या ऑइलपेंटपुढे गावाचे हात थकले. एक दिवस ती म्हातारी स्वतःच आपलं चित्र बघायला थांब्यावर आली, आणि बाकावरचा एक माणूस उठला आणि त्यानं तिला बसायला जागा दिली. झालं ते एवढंच. पण आधी तेवढंही झालेलं नव्हतं. मी हे ऐकलं तेव्हा मला उगाच आपल्या दुकानाचा अभिमान वाटला, जणू भिंत मीच रंगवली होती.

पुढे ती येत राहिली. मी तिला पोरी म्हणू लागले आणि ती स्टुलावर बसू लागली, अर्थात स्टूल भिंतीला टेकवून. चित्रं कुठे शिकलीस, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "पोलिसात."

मी हसले. ती हसली नाही.

ती चिमूरकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. पोलीस भरतीत लागली आणि जंगलात जाणाऱ्या पथकात तिनं स्वतःहून नाव दिलं. मोहिमेवर निघण्याआधी तिथे जमिनीवर मातीचा नकाशा करतात. डोंगर मातीचे, नाला निळीचा, घरं काडेपेट्यांची. ते काम हळूहळू तिच्याकडेच आलं, कारण तिनं केलेला डोंगर नंतर चढताना ओळखू यायचा. बंदूकही ती उत्तम चालवायची. हे तिनं मला सांगितलं नाही, तिच्याबरोबर नोकरी केलेल्या एकीनं सांगितलं, आणि अशा सुरात सांगितलं की मी पुढे काही विचारलं नाही.

ती गोष्ट तिनं स्वतः सांगितली ती एका मे महिन्याच्या दुपारी. लाइट गेली होती, गिऱ्हाईक नव्हतं, मी पुठ्ठ्यानं वारा घेत होते.

एटापल्लीच्या पुढच्या जंगलात भरदुपारी चकमक झाली. ती पथकापासून तुटली. मांडीत लोखंडाचा तुकडा घुसलेला. नाल्याच्या काठानं सरपटत ती एका गावाच्या कडेला पोचली. समोर एक मोडकं खोपटं होतं आणि दारात तीन बायका बसल्या होत्या. ते कुर्माघर होतं. तिकडच्या माडिया गावांत पाळीचे दिवस बायका घरात राहत नाहीत, गावाबाहेरच्या अशा खोपट्यात काढतात. घरचं कोणी दूरवर जेवण ठेवून जातं. पुरुष त्या बाजूला फिरकत नाही, बघतसुद्धा नाही.

"एवढे नकाशे केले म्या काकू," ती म्हणाली, "पण त्यात कुर्माघर कधी दाखवलंच नोतं. आमाले ते घर हाय हेच मालूम नोतं."

तिघींतल्या मोठ्या बाईनं आधी तिच्या वर्दीकडे पाहिलं, मग मांडीकडे. म्हणाली, "रक्त जाऊन राह्यलं ना? मंग ये आत."

आत जागा करून तिला झोपवलं. राहिली बंदूक. ती कुठे लपवणार, खोपट्यात धड कोपराही नव्हता. मोठ्या बाईनं काय केलं, तर दारासमोर कपडे वाळवायला वर फाटे असलेले दोन दुबेळके खांब रोवलेले होते, त्यावरचा बांबू काढून टाकला, बांबूच्या जागी बंदूक आडवी ठेवली आणि तिच्यावर धुतलेली पाळीची लुगडी पसरली.

थोड्याच वेळात दादालोक आले. जंगलातल्या बंदूकवाल्यांना तिकडे सगळे दादालोकच म्हणतात. लुगडी दिसली आणि ते लांबच थबकले. मग त्यांनी आपल्या तुकडीतल्या एका मुलीला पुढे पाठवलं. ती सरळ खांबांपाशी आली. एका टोकाला लुगडं घसरलं होतं आणि बंदुकीची नळी उघडी पडली होती. मुलीनं ती पाहिली. वाकून आत पाहिलं, आत पडलेल्या हिच्याकडे पाहिलं. विशीचीही नसेल. मग तिनं ते घसरलेलं लुगडं सरकवून नळी नीट झाकली, आणि आत बायाच आहेत असं ओरडून सांगत परत गेली.

"मग?" मी विचारलं. हातातला पुठ्ठा केव्हाच थांबला होता.

"मंग काय. वाचली मी."

पाय बरा झाल्यावर ती पुन्हा जंगलात गेली. पुढे एका चकमकीनंतर पडलेली प्रेतं तिला पाहावी लागली, आणि त्यात ती मुलगी होती. गोळी कोणाची लागली हे तिला माहीत नाही. तिनंही त्या दिवशी गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर तिनं राजीनामा दिला.

"मी कोणाचंबी तोंड काढतो काकू. एकदा पाह्यलं का झालं. पण तिचं काढाले बसली का हातच चालत नाई. दहादा तरी बसली असन. डोळे निंगतात, बाकी काही निंगत नाई."

मी उठून चहा टाकला.

त्याच दुपारी तिनं मला तिच्या मनातलं काम सांगितलं. ते कुर्माघर आता पडायला आलं होतं. बायका भर पावसात भिजत बसत होत्या, गेल्या पावसाळ्यात आत साप निघाला होता. तिला ते नीट करायचं होतं. माझं डोकंच फिरलं. माझं माहेर नागभीडचं. आमच्याकडे खोपटं नव्हतं, पण ओसरीचा एक कोपरा होता, वेगळी चटई होती, वेगळा पेला होता. तो पेला मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. मी म्हटलं, "पाड ते घर! नीट कसलं करतेस? चार दिवस बायकांना गावाबाहेर काढतात आणि तू वर त्यांना रंग देणार?"

"पाडलं तं गोठ्यात बसतीन नाई तं झाडाखाली," ती म्हणाली. "पाडाचं का नाई ते त्याइनं ठरवाचं. मी तेथी पाहुणी म्हणून गेली होती का? मले जागा पाह्यजे होती, त्याइनं देली. आता पानी गळू नये एवढं तं मी करू शकतो."

मला ते पटलं नाही. पत्रे आणि रंग मात्र माझ्याच टेम्पोतून गेले आणि टेम्पोत मीही बसले.

ड्रायव्हर पुरुष, तो अलीकडेच थांबला. पुढे पायवाट होती. ती पायवाटेवरून चालली नाही, शेजारच्या गवतातून चालली. मळलेल्या वाटेखाली सुरुंग असतो, म्हणून ती टाळायची, ही सवय तिच्या पायातून गेली नव्हती. मीही मुकाट्यानं गवतात उतरले आणि साडीला कुसळं लावून घेतली.

तिथे गेल्यावर मला कळलं, ते छप्पर इतकी वर्षं का गळत होतं. पुरुषानं कुर्माघराला हात लावायचा नाही, आणि गावातल्या बाईनं छपरावर चढायचं नाही. मग दुरुस्त करणार कोण? ती मोठी बाई आता म्हातारी झाली होती. तिनं बराच विचार केला आणि निकाल दिला, "तू पाहुणी. तुले आमचा नियम नाई." पाहुणी पाय ओढत छपरावर चढली आणि आम्ही खालून पत्रे दिले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. वारा खेळावा म्हणून तिनं मागच्या भिंतीत एक छोटी खिडकी पाडली. मग बाहेरच्या भिंती रंगवायला घेतल्या. मोहाचं झाड, खाली फुलं वेचणाऱ्या बाया, नाला, आणि दारावर पिसारा फुलवलेला मोर. इतकं देखणं काम मी आयुष्यात विकलेल्या रंगांतून दुसरं झालेलं नाही. बायका मोराला हात लावून पाहत होत्या. परतताना टेम्पोत ती गाणं गुणगुणत होती.

आणि इथेच चूक झाली.

कोणीतरी फोटो काढला, तो मोबाइलवर फिरला. चंद्रपूरला तिचा शालश्रीफळ देऊन सत्कार झाला, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मग कुर्माघर पाहायला गाड्या येऊ लागल्या. पहिली गाडी तर तिनंच नेली, कौतुकानं. जिकडे गावातला पुरुष चुकून मान वळवत नव्हता, तिकडे आता बाहेरचे पुरुष मोरासमोर उभे राहून फोटो काढू लागले. साहेबांना माहिती द्यायला म्हणून गावातलेही पुरुष मागे येऊन उभे राहू लागले.

दोन-तीन महिन्यांनी निरोप आला, बायकांनी चित्रं पुसली.

मी तिच्याबरोबर गेले ते भांडायलाच. टेम्पोत बसल्यापासून माझी बडबड सुरू होती, की केलेल्याची जाणीव नाही, एवढा चांगला रंग, एवढी मेहनत. पोचलो तर सगळ्या भिंती शेणामातीनं लिंपलेल्या. मोराची तेवढी मान उरली होती, तिथपर्यंत कोणाचा हात पोचला नसावा.

"का गं बाई, काय वाईट होतं त्यात?" मी म्हातारीला फटकारलं.

"वाईट नोतं. बेस होतं," म्हातारी मोडक्या मराठीत म्हणाली. "बेस होतं म्हणून तं लोकं आले. पोरी बाहीर कशा निंगतीन? आंग कुठी धुतीन? लुगडं कुठी वाळू घालतीन? पोरी तिकडं बांधावर जाऊन बसल्या पान्यात."

म्हणजे नवं पत्र्याचं छप्पर कोरडं उभं होतं आणि बायका बाहेर भिजत होत्या.

ती त्या दुबेळक्या खांबांपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "इथी कोनी पाहत नोतं म्हणून मी वाचली काकू. आन् मीच साऱ्या दुनियेले पाहाले बोलावलं." आवाज अगदी सपाट होता. मला वाटलं, ही आता रडेल किंवा निघून जाईल. तिनं बाह्या वर केल्या, घमेल्यातलं शेण उचललं आणि टाचा उंचावून मोराची मान स्वतःच्या हातानं लिंपली. तिच्याविषयी मला जे काही वाटतं, ते सगळं त्या एका क्षणापासून वाटतं. सत्कारातल्या भाषणांत मी तिचं पुष्कळ कौतुक ऐकलं होतं, पण आपलं सर्वांत सुंदर काम असं पुसून टाकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

खिडकीतून एक आवाज आला. त्या दिवशी आत दोघी बसल्या होत्या. "आतून काढ ना," आतली म्हणाली. "आतून कोन पाहते!"

ही लगेच दाराकडे निघाली, पण म्हातारीनं हात आडवा केला. हिला बाजूला घेऊन तिनं हळूच विचारलं, पाळी येते का. येत नव्हती, नोकरीच्या शेवटी शेवटी हिची गर्भाची पिशवी काढलेली होती. "मंग तुले आत जाता येत नाई," म्हातारी म्हणाली. "तवा रक्त जात होतं म्हणून घेतलं. आता कशी घेऊ? माह्यंबी बंद झालं, मीबी नाई जात." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अन् हे तं म्हातारीच हाय." मी पन्नाशीतली, केस काळे केलेली. पण त्या दिवशी मी तेही ऐकून घेतलं.

तर मग असं ठरलं, की आत बसणाऱ्यांनीच काढायचं. आम्ही पळसाच्या पानांच्या द्रोणांत रंग भरून खिडकीत ठेवायचे आणि मागे सरायचं. ती खिडकीपासून थोडं दूर दगडावर बसून सांगायची, काडी चावून तिचा कुंचला करा, आधी मोठे आकार घ्या, चुकलं तर चुकू द्या. सुरुवातीला आतून नुसतं हसू यायचं. मग हसू कमी झालं आणि प्रश्न येऊ लागले. दर खेपेला आत वेगळ्या बायका, जी बसेल ती आपल्या वाट्याचं काढून जायची. महिन्यातून एकदा तरी ती जायची, दुकानाला कुलूप लावून जमेल तेव्हा मीही जायचे. दगडावर आम्ही तिघी बसायचो, आत जायची परवानगी नसलेल्या. बाहेरून खोपटं पुन्हा होतं तसं ओंगळ दिसत होतं, आणि एकही गाडी येत नव्हती. नागपूरच्या एका प्रदर्शनवाल्यांनी फोटो मागितले तेव्हा तिनं सांगून टाकलं, "फोटो नाई. ते चित्र म्याबी पाह्यलं नाई." त्यांना वाटलं, ही भाव खाते आहे.

माझं मत बदललं असं समजू नका. ते खोपटं एक दिवस रिकामं पडावं आणि कोणालाही त्याची गरज उरू नये, असं मला आजही वाटतं. म्हातारीला मी तसं तोंडावर सांगितलं आहे. ती म्हणते, पोरी ठरवतील.

गेल्या हिवाळ्यात, धान कापून झालं होतं तेव्हाची गोष्ट. आत जी बाई होती ती चकमकीच्या दिवशी दारात बसलेल्या तिघींतली सगळ्यात लहान. तेव्हा ती पोरगेली होती, आता दोन लेकरांची आई. रंग ठेवून आम्ही मागे सरलो. बऱ्याच वेळानं हिनं दगडावरून विचारलं, "आज काय काढून राह्यली वो?"

"तुले काढून राह्यलो," आतून उत्तर आलं. "तुह्या पायाले पट्टी हाय. आमी तिघीबी हाओ."

ती हसली. "बंदूक?"

"काढली ना. खांबावर आडवी. लुगडी हायेत तिच्यावर. दोन हायेत."

"दोन लुगडी?"

"दोन बंदुका. एक तुही, एक तिची."

ती दगडावरून उठली. मीही उठले, का ते माहीत नाही. खिडकीकडे दोन पावलं टाकून ती थांबली, त्यापुढे जायचं नव्हतं.

"तिले कुठी काढलं?" तिनं विचारलं.

"आतच. तुह्या बाजूले बसली हाय, भात खाऊन राह्यली."

"आन् तोंड? तिचं तोंड कसं काढलं तुमी? तिले तं म्या पाह्यलं होतं."

आतली बाई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमीबी पाह्यलं होतं. आमी आतच होतो ना."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो चेहरा एकट्या तिच्याकडेच आहे. ती तिथेच खाली बसली, ओढणी तोंडावर घेतली आणि रडू लागली. हिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. म्हातारी सरकत तिच्याजवळ गेली आणि पाठीवर हात ठेवून बसली. मी रंगांच्या डब्यांशी खुडबूड करत राहिले.

खिडकीतून पुन्हा आवाज आला. "दुकानवाली बाई, पांढरा संपला. भात अर्धाच राह्यला तिचा."

मी पांढऱ्याचा नवा डबा फोडला, द्रोण काठोकाठ भरला आणि खिडकीत नेऊन ठेवला.